साथ लांबली की मुख्याध्यापकानं काय करायचं?

२३ मार्च २०२०, सोमवार. दहावीचा भूगोलाचा पेपर. परीक्षा ३ मार्चला सुरू झालेली, त्यामुळे आमच्या केंद्रावर बाकांवर खडूनं बैठक क्रमांक घातलेलेच होते. कोरोनामुळे पेपर आधी पुढे ढकलला, मग एप्रिलमध्ये रद्दच झाला. आकडे मात्र बाकांवर तसेच राहिले. नोव्हेंबरात वर्ग उघडले तेव्हा शिपाईमामांनी ते ओल्या फडक्यानं पुसले. मधले आठ महिने मी शाळा ‘अजून पंधरा दिवस काढू’ याच हिशेबानं चालवली होती. असे पंधरा-पंधरा दिवस जोडत गेलं की माणूस किती दमतो आणि किती चुकतो, हे मी तुम्हाला स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

मी ऊसतोडीच्या पट्ट्यातल्या एका अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक होतो. पाचवी ते दहावी, पट चारशेच्या आत. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी, जे २०२० साली शिक्षक होते आणि आज त्या खुर्चीत बसलेत. पुन्हा साथ आली, मग ती कसलीही असो, तर कुठून सुरुवात करायची, एवढाच विषय.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. लांबलेल्या साथीत शाळा एकदा बंद होऊन एकदा उघडत नाही. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२०ला उघडले, पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ला. फेब्रुवारी-मार्चमध्ये दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलूप. मग ४ ऑक्टोबर २०२१, डिसेंबरात लहान मुलं, जानेवारीत ओमायक्रॉनमुळे परत बंद, २४ जानेवारी २०२२पासून परत सुरू. म्हणजे कुलूप लावायची आणि काढायची, दोन्हीची तयारी कायम हाताशी हवी.

पहिली पायरी: फोन घरी किती वाजता येतो?

शाळा बंद झाली की वरून पहिली माहिती मागवतात ती अशी: ‘स्मार्टफोन असलेले विद्यार्थी किती?’ आम्हीही भरून दिली. आकडा चांगला दिसत होता, आणि बिनकामाचा होता. कारण फोन असतो बापाच्या खिशात, आणि बाप सकाळी सातला कामावर जातो. दोन बहिणी आणि एक भाऊ तिघंही आमच्याच शाळेत, फोन एकच. रिचार्ज संपलं की महिनाभर फक्त येणारे कॉल.

म्हणून यादी अशी करा. प्रत्येक मुलापुढे चार गोष्टी: फोन कुणाचा, तो घरी कधी असतो, त्याच फोनवर आणखी किती भावंडं, आणि फोन नसेल तर निरोप कुणाकडे द्यायचा. शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. किराणा दुकानदार, अंगणवाडीताई, आशाताई, दूध संकलन केंद्रावरचा माणूस, यांच्यापैकी कुणीतरी प्रत्येक वस्तीला जोडलेलं असतंच.

मुलं शिक्षकांत वाटून द्या, एकाकडे पंचवीस-तीसपेक्षा जास्त नकोत. वर्गशिक्षक हाच निकष धरू नका, शिक्षक कुठल्या गावात राहतो ते बघा. आठवड्यातून एक फोन. फोनवर काय बोलायचं तेही ठरवून द्या, नाहीतर शिक्षक थेट ‘स्वाध्याय पाठवला का?’ असं विचारतात आणि पुढच्या वेळी घरचे फोन उचलत नाहीत. आमचा क्रम असा होता: घरात कुणी आजारी आहे का, धान्य मिळालं का, सध्या मुक्काम कुठे. अभ्यास चौथा. या यादीमुळे आमची ऑनलाइन तासिका सकाळी अकराची संध्याकाळी साडेसातला गेली. हजेरी वाढवायला दुसरं काही करावं लागलं नाही.

पालकांना निरोप आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. आमचा शनिवार होता. व्हॉट्सॲपवर जायचा आणि तोच मजकूर मारुतीच्या देवळातल्या स्पीकरवरून वाचला जायचा. रोज दहा निरोप पाठवणाऱ्या शाळेचा एकही निरोप कुणी वाचत नाही.

दुसरी पायरी: एक दोनशे पानी वही

ही पायरी मी सर्वांत उशिरा शिकलो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

साथीत परिपत्रकांचा पाऊस पडतो. रात्री अकराला केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर ‘तात्काळ’ म्हणून पीडीएफ पडते, सकाळी तिचं शुद्धिपत्रक येतं. शिक्षण विभागाचं एक, जिल्हाधिकाऱ्यांचं एक, ग्रामपंचायतीचं तिसरंच. मार्च-एप्रिलमध्ये मी आलं की पुढे ढकल, आलं की पुढे ढकल, असं केलं. शिक्षक गोंधळले. एकाच आठवड्यात मी त्यांना ‘शाळेत या’ आणि ‘येऊ नका’ अशा दोन्ही सूचना दिल्या होत्या, आणि दोन्हींना परिपत्रकाचा आधार होता.

उपाय साधा आहे. परिपत्रक आलं की ते ग्रुपवर टाकायच्या आधी तीन ठिकाणी पेन्सिलीनं खूण करा: तारीख, कुणाला लागू, आणि क्रियापद. ‘करावे’ आणि ‘करता येईल’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्यात निर्णय तुमच्यावर सोडलेला असतो. नोव्हेंबर २०२०मध्ये नेमकं हेच झालं. शाळा उघडायची तारीख राज्यानं दिली, पण अंतिम निर्णय स्थानिक प्रशासनावर सोडला आणि पालकांची लेखी संमती मागितली. ज्या मुख्याध्यापकांना फक्त अंमलबजावणीची सवय होती, त्यांची तेव्हा तारांबळ उडाली. माझीही उडाली. तेव्हापासून वही सुरू झाली.

वहीत चार रकाने. काय आलं, काय ठरलं, का ठरलं, फेरविचार कधी. एक नोंद जशीच्या तशी देतो:

‘२१ नोव्हेंबर. नववी-दहावी २३ला सुरू. शिक्षकांचे आरटीपीसीआर अहवाल ११पैकी ७ आले. ठरलं: अहवाल आलेल्यांनीच वर्गावर जायचं, बाकीचे घरून फोन करतील. संमतीपत्रं निम्म्यांची आली. ज्यांनी दिली नाहीत त्यांच्यावर दबाव नाही, अभ्यास घरी पोचवायचा. कारण: घरात म्हातारी माणसं आहेत, भीती खरी आहे. फेरविचार: ३० नोव्हेंबर.’

‘फेरविचार’ हा रकाना सोडू नका. त्यानं दोन कामं होतात. विरोध करणाऱ्या पालकाला सांगता येतं की हा निर्णय दहा दिवसांचा आहे, दगडावरची रेघ नाही. आणि आपल्यालाही आपलाच निर्णय बदलताना नाक कापल्यासारखं वाटत नाही, कारण बदलायची तारीख आपणच लिहून ठेवलेली असते.

मोठे निर्णय शाळा व्यवस्थापन समितीसमोर ठेवा. शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असायला हव्यात. एरवी आपण सह्यांपुरती समिती बोलावतो, हे मान्य करू या. साथीत मात्र त्या समितीतल्या एका आईनं आम्हाला सांगितलं की वर्ग सुरू झाले तरी पोरी येणार नाहीत, कारण एसटी बंद आहे आणि वडाप रिक्षात कुणी पाठवणार नाही. हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

तिसरी पायरी: माणसं

शिक्षकांना चेकपोस्टवर उभं केलं, रेशन दुकानावर बसवलं, ‘माझे कुटुंब माझी जबाबदारी’च्या सर्वेक्षणाला पाठवलं. त्यावर कुरकूर होणारच. कायदा काय म्हणतो ते मुख्याध्यापकाला माहीत हवं: शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ अशैक्षणिक कामं नाकारतं, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण ही कामं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे ड्यूटी टळत नाही. पण कुणाची लागावी यावर बोलता येतं. मधुमेह असलेले, गरोदर, घरात डायलिसिसचा रुग्ण असलेले, यांची यादी आदेश निघायच्या आधीच तहसील कार्यालयात लेखी द्या. पोच घ्या. आदेश निघाल्यावर नाव काढून घेणं फार जड जातं.

आठवड्यातून एक बैठक, वीस मिनिटं, ठरलेली वेळ. स्फूर्तिदायक भाषण नको. पहिली पाच मिनिटं कुणाच्या घरी काय चाललंय, मग या आठवड्याचं एकच काम. कुणाच्या घरी मृत्यू झाला असेल तर महिनाभर त्याच्या मुलांची यादी दुसऱ्याकडे द्या आणि तो स्वतः मागेल तेव्हाच परत करा. त्यानं मागण्याआधी विचारूही नका.

आता माझी चूक. एप्रिल २०२१मध्ये मी स्वतः पॉझिटिव्ह आलो. सतरा दिवस खोलीत. दोन दिवसांत लिपिकही आजारी पडले, त्यांना कोविड केअर सेंटरला न्यावं लागलं. शालार्थचा, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीचा, पासवर्ड त्यांच्याकडे, कपाटाच्या किल्ल्या माझ्याकडे, आणि पगारबिल कसं करायचं हे तिसऱ्या कुणालाच माहीत नाही. अकरा घरांचा पगार लांबला, तोही अशा महिन्यात जेव्हा एका शिक्षकाचे वडील ऑक्सिजनवर होते. मला कुणी एक शब्द बोललं नाही. तेच जास्त लागलं.

तेव्हा आजच एक पान लिहा: ‘मी सतरा दिवस नसलो तर’. किल्ल्या कुठे, कुठलं लॉगिन कुणाकडे, बँकेत सही कुणाची चालते, पगारबिलाची तारीख, पोषण आहाराचा शिल्लक साठा, बोर्डाची कुठली कामं अडकलीत. दोन माणसं नेमा, एक नको. आणि वर्षातून एकदा खरंच चार दिवस रजा घेऊन बघा, त्या पानावर शाळा चालते का. आपल्याशिवाय शाळेचं पान हलत नाही याचा अभिमान बाळगणारे मुख्याध्यापक मी खूप पाहिलेत, मीही त्यातलाच.

चौथी पायरी: शिकवायचं किती

जुलै २०२०मध्ये राज्यानं अभ्यासक्रम २५ टक्के कमी केला. तेवढ्यानं भागत नाही. ज्या मुलाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास फोन मिळतो त्याला उरलेले ७५ टक्केही पोचणार नाहीत. प्रत्येक विषय शिक्षकाला विचारा: या इयत्तेत काय सुटलं तर पुढची इयत्ता कोसळेल? अपूर्णांक, समीकरणं, वाचून समजणं. तेवढं धरा, बाकी सोडून द्या, आणि सोडलं हे वहीत लिहा.

मार्ग फार ठेवू नका. त्या वर्षी ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’च्या रोजच्या लिंक होत्या, दीक्षा ॲप होतं, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ होती, शिवाय प्रत्येक शिक्षकाचा स्वतःचा यूट्यूब चॅनेल. पालक चक्रावून गेले. आम्ही तीनच ठेवले: ज्यांच्याकडे टीव्ही त्यांना सह्याद्री, ज्यांच्याकडे फोन त्यांना संध्याकाळची तासिका, आणि सगळ्यांना कागद. सोलापूरच्या नीलमनगरात तर घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले होते, मुलं रस्त्यात उभी राहून वाचायची. आपल्या गावात काय चालेल ते आपणच बघायचं.

कागदाबद्दल एक हिकमत सांगतो. शाळा बंद असताना पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ पालकांना वाटायची होती. पालक पिशवी घेऊन यायचेच. त्याच टेबलावर पुढच्या पंधरवड्याची कृतिपत्रिका द्यायची आणि मागची भरलेली घ्यायची. वेगळा फेरा नाही, वेगळी गर्दी नाही. एका आजीनं पत्रिका तांदळातच खोवून नेली आणि पुढच्या वेळी हळदीचे डाग पडलेली परत आणली. सगळी गणितं बरोबर होती.

त्या पत्रिका इयत्तावार गठ्ठे बांधून जपल्या. उपयोग २०२१मध्ये कळला. दहावीची परीक्षा रद्द झाली आणि निकाल लावायचा होता नववीचे ५० गुण, दहावीच्या वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३० आणि अंतिम तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असा. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला आणि त्यावर विनोदही बरेच झाले. पण ते ३० गुण कशाच्या आधारावर दिले, असं कुणी विचारलं असतं तर आमच्याकडे दाखवायला गठ्ठा होता.

पाचवी पायरी: जी मुलं फोनवर येत नाहीत

सलग तीन आठवडे संपर्क नाही, की त्या मुलाचं नाव वेगळ्या पानावर. ही शिस्त पाळाच. गृहभेट दोघांनी करावी, त्यात एक शिक्षिका असेल तर फार बरं. आमच्याकडे तीन तऱ्हा दिसल्या. आईबापाबरोबर कारखान्यावर गेलेली मुलं: त्यांचं नाव पटावरून कमी करू नका, कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घ्या. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे त्या शाळेला फोन करून सांगा. दुसरी, हॉटेलात किंवा विटभट्टीवर लागलेली. आणि तिसरी, नववी-दहावीच्या मुली, ज्यांच्या घरी मांडवाची तयारी चालली होती. लॉकडाऊनमध्ये लग्न पन्नास माणसांत उरकतं, खर्च वाचतो, हा हिशेब आम्ही प्रत्यक्ष ऐकला. अशा वेळी एकट्यानं हिरो व्हायला जाऊ नका. गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, त्याला आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला कळवा, नोंद ठेवा, मुलीच्या घरी मात्र शिक्षिकेचं येणंजाणं चालू राहू द्या.

आई किंवा वडील गेलेल्या मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज शाळेनं हाताला धरून भरून घ्यावा. मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, यातल्या एकेका कागदासाठी विधवा बाईला तीन-तीन खेटे पडतात. एक शिक्षक त्याच कामाला द्या.

सहावी पायरी: इमारत

शाळा विलगीकरणासाठी मागतात. द्यावीच लागते, आणि द्यावीही. पण ताबा पावती करा: किती बाक, किती पंखे, नळ चालू किती, आणि विजेच्या मीटरचं रीडिंग. मीटरचा फोटो काढा. आम्ही काढला नव्हता. तीन महिन्यांचं बिल शाळेच्या नावावर आलं आणि ते कुणी भरायचं यावर वर्षभर पत्रव्यवहार झाला. परत घेताना संडास, वायरिंग आणि पाण्याची टाकी आधी बघा.

खर्चाबद्दल माझं मत ठाम आहे. थर्मल गन एक पुरे, फवारणीची कमान अजिबात नको. ते पैसे गंजलेल्या खिडक्यांवर घाला. आमच्या निम्म्या खिडक्या वर्षानुवर्षं उघडतच नव्हत्या. श्वासातून पसरणाऱ्या रोगात उघडी खिडकी हे सर्वांत स्वस्त औषध.

सातवी पायरी: उघडल्यावरचा पहिला महिना

पहिल्याच आठवड्यात चाचणी घेऊ नका. मुलांना बसायची सवय मोडलेली असते, हात लिहायला दुखतात. आमच्या पाचवीत आलेली मुलं तिसरीत असताना शाळा बंद झाली तेव्हापासून वर्गातच बसली नव्हती. पहिले आठ दिवस परिपाठ लांबवा, खेळ, गोष्टी, कुणाच्या घरी काय झालं ते ऐकणं. मग प्रत्येक मुलाला जवळ बसवून एक उतारा वाचायला द्या, एक वजाबाकी, एक भागाकार. एवढ्यावरून गट पडतात. इयत्ता विसरून, येतं त्या पातळीवर रोज एक तास.

राज्यानं १ जुलै २०२१पासून ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम आणला होता. कल्पना योग्य होती, पण तो चालला घरूनच, आणि ४५ दिवसांत खड्डा भरत नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८मध्ये २७.३ टक्के होती, ती २०२२मध्ये २०.५ झाली. तेव्हा हे पातळीवारीचं काम किमान दोन वर्षं धरून चाला.

शेवटची: खुर्चीतला माणूस

रात्री नऊनंतर फोन दुसऱ्या खोलीत. तातडीसाठी एकच माणूस घरच्या नंबरवर फोन करेल, तो कोण ते ठरवून ठेवा. शेजारच्या तालुक्यातला एखादा मुख्याध्यापक धरा, ज्याच्यासमोर ‘मला काही सुचत नाहीये’ असं म्हणता येतं. संस्थाचालकांसमोर किंवा स्टाफसमोर ते म्हणता येत नाही. मला असा एक मित्र होता, रविवारी सकाळी आमचा अर्धा तास ठरलेला असायचा. त्यातली वीस मिनिटं आम्ही वरिष्ठांना नावं ठेवायचो, तेही औषधच.

आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी वहीत उलट्या बाजूनं एक पान: या महिन्यात माझं काय चुकलं. सुरुवातीची माझी पानं इतरांच्या चुकांनी भरलेली आहेत. आज वाचताना हसू येतं. साधारण सहाव्या महिन्यापासून त्यात ‘मी विचारायला हवं होतं’, ‘मी उशीर केला’ असली वाक्यं दिसू लागतात.

मे २०२२च्या अखेरीस मी निवृत्त झालो. चार्ज यादीत किल्ल्या, शिक्के, दप्तर यांच्याखाली ती वहीही लिहून दिली. नव्या मॅडमनी तेव्हा ती कपाटात ठेवली. जुलै २०२३मध्ये राज्यभर डोळ्यांची साथ आली आणि त्यांचा रात्री फोन आला, ‘सर, सातवीत एका दिवसात सहा जणांचे डोळे आलेत. वहीत काही आहे का?’ डोळ्यांचं काहीच नव्हतं. पण यादी कशी करायची, पालकांना निरोप कसा द्यायचा, घरी थांबलेल्या मुलाचा अभ्यास कसा पोचवायचा, ती पानं होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवलं, सहाही मुलांना घरी ठेवलं, नळावर साबण ठेवला, आणि माझ्या शेवटच्या नोंदीच्या खाली आपल्या अक्षरात लिहिलं: ‘सातवीचा वर्ग चालू. फेरविचार: सोमवार.’